पहिल्या पिशवीपासून पुढे : टाटा रुग्णालयाच्या अस्थिमज्जा प्रत्यारोपण विभागाची चार दशके

२० मार्च १९८३ रोजी परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात नऊ वर्षांच्या एका मुलीला तिच्या भावाची अस्थिमज्जा देण्यात आली. मुलीला तीव्र मायलॉइड ल्युकेमिया झाला होता. भारतातले पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण म्हणून या दिवसाची नोंद झाली आणि विभागाचे वय मोजायचे ते इथूनच. आता चाळिशी उलटून गेली आहे. ही वाटचाल एकदा सलग लिहून ठेवावी म्हणून हा लेख.

प्रत्यारोपण म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर ऑपरेशन थिएटर येते. मूत्रपिंडाच्या बाबतीत ते बरोबर आहे. अस्थिमज्जेच्या बाबतीत रुग्णाला टेबलावर घेण्याचा प्रसंगच येत नाही. रक्ताची असते तशी एक पिशवी सलाइनच्या स्टँडला अडकवतात आणि तासा-दोन तासांत ती रिकामी होते. त्यापुढचे तीन-चार आठवडे डोळ्यांत तेल घालून आणि नंतरची काही वर्षे सावधपणे रुग्णाची राखण करावी लागते. प्रत्यारोपण यशस्वी होते ते या राखणीमुळे, आणि ती एका माणसाच्या हातून होणारी नाही. म्हणून या लेखात मोठ्या नावांइतकीच जागा त्या राखणीलाही दिली आहे.

पूर्वपीठिका : १९३१ ते १९८०

टाटा रुग्णालयाच्या जन्मकथेतच रक्ताचा कर्करोग आहे. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ मध्ये इंग्लंडच्या शेजारी वेल्समध्ये ल्युकेमियाने वारल्या. पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले. मेहेरबाईंच्या स्मरणार्थ ल्युकेमियाच्या संशोधनासाठी स्वतंत्र न्यास स्थापन झाला आणि सर दोराबजी टाटा ट्रस्टने मुंबईत कर्करोगाचे रुग्णालय उभारायचे ठरवले. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ८० खाटांचे हे रुग्णालय सुरू झाले. १९५७ मध्ये ते केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा खात्याकडे गेले. १९६६ मध्ये शेजारच्या कर्करोग संशोधन केंद्रासह त्याचे टाटा मेमोरियल सेंटर झाले.

प्रयोगशाळांची घडी बसवली डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी. रोगनिदानशास्त्र हा रुग्णालयाचा कणा असला पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे यांनी शरीराबाहेर पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा उभी केली. पेशी जगवणे, गोठवणे, मोजणे ही पुढे प्रत्यारोपणाला लागणारी शिस्त या वास्तूत कितीतरी आधी रुजली होती, याचा उल्लेख फारसा होत नाही. तो इथे मुद्दाम करतो आहे.

जगात इतरत्र काय चालले होते, तेही थोडक्यात पाहू. निरोगी माणसाच्या अस्थिमज्जेत रोज सुमारे २०० अब्ज तांबड्या पेशी तयार होतात. हा सगळा कारखाना मूठभर मूलपेशींवर चालतो. अशा पेशी खरोखर असतात, हे १९६१ मध्ये टोरांटोच्या टिल आणि मॅक्युलॉक या जोडीने उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले. त्याआधीच, १९५६ मध्ये, डॉ. डॉनल थॉमस यांनी न्यूयॉर्क राज्यातील कूपर्सटाउन या छोट्या गावी ल्युकेमियाच्या रुग्णाला त्याच्या जुळ्या भावंडाची मज्जा दिली होती. साठच्या दशकात या उपचारांना जवळपास सर्वत्र अपयश आले आणि बहुतेकांनी नाद सोडला. थॉमस यांनी सोडला नाही. सिअ‍ॅटलला जाऊन ते आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षे कुत्र्यांवर प्रयोग करत राहिले. ऊतींची जुळणी कशी पाहायची हे कळल्यावर १९६९ पासून त्यांनी भावंडांची मज्जा वापरून माणसांवर पुन्हा सुरुवात केली. आपल्या विभागाची नाळ या सिअ‍ॅटलशी जोडलेली आहे.

पहिले दशक : १९८१ ते १९९०

डॉ. सुरेश अडवाणी यांचा जन्म १९४७ चा, कराचीचा. आठव्या वर्षी पोलिओ झाला आणि तेव्हापासून चाकांची खुर्ची. अपंगत्वामुळे वैद्यकीय प्रवेश आधी नाकारला गेला. पाठपुरावा करून त्यांनी तो मिळवला आणि मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले. कर्करोगावर औषधांनी उपचार करणारी स्वतंत्र शाखा देशात नुकती आकार घेत होती, तेव्हा ते टाटात आले. पुढे सिअ‍ॅटलला थॉमस यांच्याकडे जाऊन ते प्रत्यारोपण शिकले आणि परत आल्यावर १९८३ चे ते पहिले प्रत्यारोपण झाले. २००२ मध्ये त्यांना पद्मश्री आणि २०१२ मध्ये पद्मभूषण मिळाले. शिकून आलेल्या एका डॉक्टरामागे भूलतज्ज्ञ, रक्तपेढी, सूक्ष्मजीवशास्त्र, परिचारिका, स्वयंपाकघर असे सगळे रुग्णालय उभे राहिले, म्हणून ते झाले.

तेव्हाची पद्धत जवळून पाहण्यासारखी आहे. दात्याला भूल देऊन पालथे निजवायचे. कमरेच्या मागच्या बाजूला, जिथे हाडाचा उंचवटा हाताला लागतो, तिथे जाड सुई हाडात घालायची आणि थोडी थोडी मज्जा ओढून घ्यायची. एका ठिकाणाहून जास्त ओढली तर नुसते रक्तच येते, म्हणून सुईची जागा पुन्हा पुन्हा बदलायची. दात्याच्या वजनाच्या दर किलोमागे १० ते २० मिलिलिटर मज्जा जमेपर्यंत हे चालते. ती गाळून, हाडाचे कण आणि चरबीच्या गुठळ्या काढून पिशवीत भरतात. पिशवीतला द्रव दिसतो रक्तासारखाच, जरा दाट. तो शिरेतून रुग्णाच्या शरीरात गेला की त्यातल्या मूलपेशी हाडांच्या पोकळीकडे आपली वाट आपण शोधतात. दात्याची मज्जा काही आठवड्यांत भरून येते. त्याची कंबर मात्र काही दिवस दुखते, आणि बहिणीसाठी कंबर दुखवून घेणाऱ्या लहानग्या भावांचे ऋण या विभागावर सर्वांत जुने आहे.

पिशवी चढवण्याआधी रुग्णाची आजारी मज्जा तीव्र औषधांनी, कधी किरणोत्साराने, पुरती संपवावी लागते. कोकणातला शेतकरी भाताचे रोप करण्याआधी राब भाजतो, ते ज्याने पाहिले आहे त्याला हे वेगळे समजवायला नको. जुने सगळे जळाल्याशिवाय नवे धरत नाही. पण हे भाजून झाल्यावर नवी मज्जा कामाला लागेपर्यंत दोन ते तीन आठवडे जातात आणि तेवढे दिवस शरीर उघडे पडते. पांढऱ्या पेशी जवळजवळ शून्यावर येतात. तोंड सोलवटते, गिळता येत नाही, ताप येतो. साध्या बुरशीचा हवेतला कणही जिवावर बेतू शकतो. शून्य दिवस, एक दिवस, दोन दिवस अशी मोजणी भिंतीवरच्या तक्त्यावर चालते आणि सकाळ उजाडते ती एकाच प्रश्नाने.

“सिस्टर, आज काउंट किती?”

“थांबा ताई, रिपोर्ट यायचाय अजून. आला की मीच सांगते.”

न्यूट्रोफिल नावाच्या पेशी ५०० च्या वर जाऊन सलग तीन दिवस टिकल्या, की मज्जा धरली असे मानतात. या मधल्या दिवसांत रुग्ण जगतो तो परिचारिकांच्या हातांवर. सलाइनची नळी शिरेत जिथे जाते त्या जागेची स्वच्छता, दर काही तासांनी गुळण्या, लघवीचे माप, कातडीवरचा नवा पुरळ, रात्री तीनला चढलेला अर्धा अंश ताप हे आधी त्यांच्या लक्षात येते. वॉर्डातले मामा आणि मावशी जमिनी, कड्या, खाटांचे पाय पुसत राहतात. स्वयंपाकघरातून येते ते गरम, नीट शिजलेले. कोशिंबीर नाही, चटणी नाही, बाहेरचे तर मुळीच नाही. ज्या घरातून रोज डबा येतो त्या घरातल्या आईला हे पटवून देणे हे समाजसेवा विभागाचे एक मोठेच काम होऊन बसले.

दुसरी अडचण जुळणीची. सख्ख्या भावंडाची मज्जा पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. जुळल्यानंतरही दात्याच्या पेशी रुग्णाच्याच कातडीवर, आतड्यावर, यकृतावर उलटू शकतात. हे उलटणे आवरणाऱ्या सायक्लोस्पोरिन या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली ती १९८३ मध्येच. मात्रा थोडी चुकली तर एकीकडे मूत्रपिंडे धोक्यात येतात, दुसरीकडे पेशी उलटण्याची भीती. त्यामुळे औषधाची रक्तातली पातळी वारंवार मोजणे आले, म्हणजे प्रयोगशाळेचा भार आणखी वाढला.

इतका खर्च आणि इतके मनुष्यबळ एका रुग्णामागे लावावे का, यावर त्या काळी रुग्णालयात आणि बाहेरही निरनिराळी मते होती. बोलणाऱ्या सगळ्यांनाच रुग्णांची कळकळ होती आणि पुढे कामातूनच वाट निघाली. दरम्यान ज्यांना प्रत्यारोपण लागणार नाही अशा मुलांकडे दुर्लक्ष झाले नाही, हेही लिहिले पाहिजे. लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाच्या मुलांसाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या सहकार्याने आखलेली ‘एमसीपी ८४१’ ही औषधयोजना याच दशकात टाटात राबवली जाऊ लागली आणि पुढे देशभर पोचली. माझ्या मते प्रत्यारोपणाइतकेच ते मोठे काम आहे. १९८६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. मॅमेन चंडी यांनी प्रत्यारोपण सुरू केले आणि देशात दुसरा भक्कम हात मिळाला. थॅलसेमियाच्या मुलांचे मोठे काम तिथे उभे राहिले. १९९० मध्ये डॉ. थॉमस यांना नोबेल पारितोषिक मिळाले. सिअ‍ॅटलमध्ये शिकलेल्या प्रत्येक चमूला तो सन्मान आपलाही वाटला असणार.

दुसरे दशक : १९९१ ते २०००

या काळात मज्जा काढण्याची पद्धतच बदलली. जी-सीएसएफ हे इंजेक्शन चार-पाच दिवस दिले की मूलपेशी हाडातून बाहेर पडून रक्तात फिरू लागतात. मग दात्याला भूल द्यावी लागत नाही. एका हाताच्या शिरेतून रक्त यंत्रात जाते, मूलपेशी वेगळ्या होतात आणि उरलेले रक्त दुसऱ्या हातातून परत येते. दाता चार-पाच तास खुर्चीत पडून राहतो. काढलेल्या पेशींतल्या मूलपेशी सीडी-३४ या खुणेवरून मोजता येऊ लागल्या आणि ‘पुरेशी झाली का’ हा प्रश्न अंदाजावर राहिला नाही.

याच्याच जोडीने स्वतःच्याच पेशींचे प्रत्यारोपण वाढले. मायलोमा आणि काही प्रकारच्या लिम्फोमांत रुग्णाच्या मूलपेशी आधी काढून ठेवतात, मग जबर मात्रेत औषध देतात आणि त्याच पेशी परत चढवतात. पेशी द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंश सेल्सियसला ठेवायच्या. गोठताना बर्फाच्या सुयांनी त्या फुटू नयेत म्हणून डीएमएसओ नावाचे द्रव्य मिसळतात. पिशवी खाटेशेजारच्या कोमट पाण्यात वितळवून लगेच चढवली, की खोलीभर लसणासारखा उग्र वास सुटतो आणि रुग्णाच्या श्वासाला तो दीड-दोन दिवस येत राहतो. वॉर्डात नुसते पाऊल टाकले तरी आज कोणाला पेशी दिल्या ते जुन्या सिस्टर ओळखतात.

या दशकातले मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते काम प्रत्यारोपणाच्या खोलीबाहेरचे आहे. १९९१ मध्ये डॉ. पूर्णा कुरकुरे यांनी टाटात उपचार संपलेल्या मुलांसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. मूल बरे झाले, घरी गेले, एवढ्यावर आपले काम संपत नाही. त्याची उंची वाढते आहे का, हृदय कसे आहे, शाळेत लक्ष लागते का, पुढे मूलबाळ होईल का, हे विचारणारा कोणी तरी हवा, ही जाणीव त्यामागे होती. जबर औषधे आणि किरणोत्सार सोसलेल्या प्रत्यारोपणाच्या रुग्णांना तर तिची जास्तच गरज.

राहण्याचा प्रश्न मात्र जुनाच राहिला. रुग्ण येणार विदर्भातून, बिहारातून, ईशान्येकडून, आणि प्रत्यारोपणानंतर सुमारे तीन महिने हाकेच्या अंतरावर राहायचे. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा, परळचे नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन आणि अशा कितीतरी संस्थांनी हा भार उचलला. या संस्थांना विभागाच्या इतिहासात परिशिष्टात टाकून चालणार नाही. स्वच्छ खोली आणि उकळलेले पाणी मिळाले नसते, तर वॉर्डात कमावलेले बाहेर गमावले असते.

तिसरे दशक : २००१ ते २०१०

२००१ मध्ये इमॅटिनिब नावाची गोळी आली. तोवर क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया हे जगभर प्रत्यारोपणाचे एक प्रमुख कारण होते. रोज गोळी घेऊन हे रुग्ण घरी, कामावर जाऊ लागले आणि प्रत्यारोपणाची गरज थोड्यांपुरती उरली. जी-सीएसएफ इंजेक्शनही याच सुमारास भारतीय कंपन्या बनवू लागल्या आणि खर्च कमी झाला.

२००२ मध्ये नवी मुंबईत खारघरला ६० एकरांच्या आवारात कर्करोग संशोधन केंद्र हलले आणि ‘अ‍ॅक्ट्रेक’ हे नाव रूढ झाले. संचालक डॉ. केतायून दिनशॉ यांच्या दूरदृष्टीचा यात मोठा वाटा. संशोधनाच्या एका इमारतीला खानोलकरांचे नाव आहे, हे औचित्यही लक्षात राहणारे. २००७ मध्ये प्रत्यारोपण विभाग परळहून इथे आला.

परळमध्ये जागा अपुरी, भोवती सतत बांधकाम, आणि धूळ म्हणजे बुरशीचे बीजाणू. खारघरला खोल्या मुळातच या कामासाठी आखता आल्या. हवा विशेष गाळण्यांतून येते. त्या ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतात. खोलीतल्या हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त ठेवतात, म्हणजे दार उघडले तरी हवा आतून बाहेर जाते. स्थलांतर सोपे नव्हते. परळच्या गजबजीत वाढलेल्या कर्मचाऱ्यांना खारघर तेव्हा फार लांब वाटत होते. परळ-खारघर ये-जा करत, दोन्हीकडच्या ड्यूट्या सांभाळत त्यांनी विभागाची घडी नव्याने बसवली.

अणुऊर्जा खात्याशी असलेल्या नात्याचा उपयोग अशा बारीक ठिकाणी दिसतो. प्रत्यारोपणाच्या रुग्णाला साधे रक्त देता येत नाही. त्यातल्या रक्तदात्याच्या लिम्फोसाइट पेशी रुग्णावर उलटू शकतात, म्हणून रक्ताला आधी २५ ग्रे किरणोत्सार द्यावा लागतो. यासाठीचे कोबाल्ट-६० चे यंत्र खात्याच्याच ‘ब्रिट’ या संस्थेने देशात तयार केले.

चौथे दशक : २०११ ते २०२०

कुटुंबे लहान झाली आणि जुळणारे भावंड मिळणे अवघड होत गेले. बाहेरचा दाता शोधायचा तर नोंदणी हवी. चेन्नईची ‘दात्री’ २००९ पासून हे काम करते आहे, पण आपल्या लोकसंख्येच्या मानाने नोंदलेले दाते अजून फार थोडे आहेत. जुळणी बहुधा आपल्याच समाजगटात सापडते. म्हणून पश्चिमेकडच्या मोठ्या नोंदवह्या आपल्या रुग्णांना पुरेशा पडत नाहीत.

अर्ध्या जुळणीच्या प्रत्यारोपणाने ही कोंडी बरीच फोडली. आई, वडील, मुलगा, मुलगी हे नेहमी निम्मे जुळतातच. त्यांच्या पेशी दिल्यावर तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फमाइड दिले, तर उलटू पाहणाऱ्या पेशी मरतात आणि मूलपेशी वाचतात. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला बसलेली ही रीत. औषध जुने आणि स्वस्त. अनेक वर्षे ‘दाता नाही’ एवढ्या दोन शब्दांवर थांबणारे संभाषण यामुळे पुढे जाऊ लागले. आईच मुलाची दाता झाल्यावर त्याच्याजवळ कोण थांबणार, घरी धाकट्याकडे कोण पाहणार, हे नवे प्रश्नही आले. समाजसेवकांच्या कामात त्यांचीही भर पडली.

क्षयरोग आणि सायटोमेगॅलो विषाणू हे आपल्याकडचे कायमचे सोबती. इथल्या बहुतेक प्रौढांच्या शरीरात तो विषाणू सुप्त असतोच आणि प्रत्यारोपणानंतर डोके वर काढतो. म्हणून दर आठवड्याला रक्तात त्याचा शोध घेणे हा नित्यक्रम ठरला. डॉ. नवीन खत्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या काळात विभागाने असे बरेच नित्यक्रम बांधले, चाचण्या केल्या आणि तरुण डॉक्टरांना तयार केले. मुंबई महापालिकेने बोरिवलीत थॅलसेमियाच्या मुलांसाठी प्रत्यारोपण केंद्र काढले. पुण्यातही काम वाढले. एकाच ठिकाणी रांग लावण्याचे दिवस निदान काही रुग्णांसाठी संपले.

सध्या

४ जून २०२१ रोजी खारघरच्या याच विभागात एक नवे पाऊल पडले. आयआयटी मुंबईत तयार केलेल्या ‘कार-टी’ पेशी चाचणीतल्या पहिल्या रुग्णाला दिल्या गेल्या. यात रुग्णाच्याच टी-पेशी काढून, प्रयोगशाळेत त्यांना कर्करोगाची पेशी ओळखता यावी असा जनुक त्यांच्यात घालून, वाढवून परत देतात. आयआयटीचे डॉ. राहुल पुरवार यांचा गट आणि टाटाचे डॉ. हसमुख जैन, डॉ. गौरव नरुला व इतर यांनी मिळून हे काम केले. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवईत त्याचे लोकार्पण झाले. परदेशात तीन-चार कोटींना पडणारा हा उपचार इथे त्याच्या सुमारे दहाव्या हिश्श्यात होतो. तोही सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरच आहे, त्यामुळे खर्च आणखी खाली आणणे हे पुढच्या कामांतले पहिले.

रोजचे काम मात्र जुन्याच चाकोरीत चालते. पेशी काढण्याची यंत्रे, गोठवणीची टाकी, औषधांच्या पातळ्या, आणि बाह्यरुग्ण विभागात मास्क लावून बसलेली माणसे. कोणाचा रक्तगट ‘ओ’ होता, आता दात्यासारखा ‘बी’ झाला आहे आणि ते कार्ड तो खिशात बाळगतो. एखाद्या बहिणीच्या रक्तपेशींत भावाचे वाय गुणसूत्र सापडते, ते मज्जा धरल्याची खूण. जुन्या मज्जेबरोबर लहानपणीच्या लसीही पुसल्या जातात, म्हणून प्रौढ माणसे सहा महिन्यांनी, वर्षाने पुन्हा घटसर्प-धनुर्वातापासून सुरुवात करतात. गोवरासारख्या जिवंत लसी दोन वर्षांनंतर, तेही तपासून. परिचारिकांच्या टेबलावर या लसीकरणाची वेगळी वही असते.

खर्चासाठी शासकीय योजना, पंतप्रधान आणि मुख्यमंत्री सहायता निधी, टाटा न्यास, सिद्धिविनायक मंदिर न्यासासारख्या संस्था यांचे अर्ज भरून देणे, पत्रे तयार करणे आणि पैसे येईपर्यंत कुटुंबाला धीर देणे समाजसेवा विभाग करतो. प्रत्यारोपणाची वेळ ठरली आणि निधी पोचला नाही, तर आजार थांबत नाही. म्हणून प्रतीक्षायादी आणि निधीची यादी आता एकत्रच पाहतात. अठरा ते पन्नास वयाच्या निरोगी माणसांनी दाता म्हणून नाव नोंदवावे, यासाठी महाविद्यालयांतून शिबिरे घ्यायची आहेत. नोंदणीला गालाच्या आतून कापसाच्या काडीने घेतलेला नमुना पुरतो. या स्मरणिकेच्या वाचकांपैकी जे त्या वयात आहेत, त्यांनी सुरुवात स्वतःपासून करावी, अशी विभागाची विनंती आहे.